दमा आणि दमसास : इंग्रज नट रॉबर्ट डोनाट

गवयाच्या अंगी पहिला गुण कोणता असावा, असे जाणत्या माणसास विचारले तर तो गोड गळ्याचे नाव घेईलच असे नाही. पुष्कळदा तो दमसासाचे नाव घेतो. गळा गोड असून दम तोकडा असला तर तान मध्येच तुटते आणि रंगाचा बेरंग होतो. नटाचेही तसेच आहे. लांबलचक भाषण एका ओघात म्हणावयाचे आणि श्वास कोठे घेतला हे ऐकणाऱ्यास कळू द्यावयाचे नाही, तर छातीत हवेचा साठा हवा व तो पुरवून पुरवून खर्चण्याची अक्कल हवी. मग ज्या नटाच्या छातीनेच त्याच्याशी वैर मांडले, त्याने काय करावे?

असा एक नट इंग्लंडात होऊन गेला. लहानपणी तो बोलताना अडखळत असे. ऐन उमेदीत त्यास दम्याने गाठले, ते अखेरपर्यंत सोडले नाही. आणि असे असूनही मधुर व भारदस्त आवाजाचे इंग्रज नट कोण, असा विषय निघाला की त्याचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. रॉबर्ट डोनाट हे ते नाव. १९०५ साली तो जन्मला व १९५८ साली निवर्तला. अवघी त्रेपन्न वर्षे त्यास लाभली. त्याचे चित्रपट मोजले तर जेमतेम विसाच्या घरात भरतात. परंतु त्यांतील एका भूमिकेने त्यास ऑस्कर पारितोषिक मिळवून दिले, आणि तेही ज्या वर्षी सारे जग दुसऱ्याच एका चित्रपटाच्या मागे लागले होते त्या वर्षी.

एकत्र कुटुंबांतून दम्याने बेजार झालेले एखादे माणूस नाही, असे घर विरळाच. रात्री-अपरात्री उशांच्या ढिगाऱ्यास टेकून बसलेले वडीलधारे किंवा पावसाळा तोंडावर आला की ज्याच्या आईच्या जिवाला घोर लागतो असे मूल, हे चित्र आमच्या वाचकांस अपरिचित नाही. म्हणून या नटाची हकीकत सविस्तर सांगण्याचे योजिले आहे.

अडखळणारा मुलगा

मँचेस्टर हे उत्तर इंग्लंडातील कापडगिरण्यांचे विख्यात शहर. त्याच्या विदिंग्टन नावाच्या उपनगरात १८ मार्च १९०५ रोजी डोनाटचा जन्म झाला. चार भावांत तो सर्वांत धाकटा. बापाचे घराणे मूळचे पोलंडाकडले, आई इंग्रज. घरची स्थिती बेताची होती. मुलगा हुशार व कल्पक होता. पण बोलावयास उभा राहिला की शब्द ओठांशी येऊन अडे. त्यात लँकेशायर परगण्याची जी ठसकेबाज बोली त्याच्या जिभेवर वसली होती, ती लंडनच्या प्रतिष्ठित नाट्यगृहांत त्या काळी खपण्याजोगी नव्हती. अशा मुलाने नट व्हावयाचे म्हटले तर घरच्या माणसांनी हसून सोडून दिले असते, तरी त्यांस कोणी दोष दिला नसता.

तसे झाले नाही. मुलाचे अडखळणे जावे म्हणून त्यास जेम्स बर्नार्ड नावाच्या एका वाक्शिक्षकाकडे पाठविण्यात आले. नाट्यवाचन व उच्चार हा या गृहस्थांचा विषय. अडखळणारी कित्येक मुले पाठ केलेले वाक्य लयीत म्हणताना अडखळत नाहीत, ही गोष्ट पालकांच्या पाहण्यात असेल. बर्नार्डच्या हाताखाली डोनाटची जीभ मोकळी होत गेली. शब्द कोठे सोडावा, कोठे धरून ठेवावा, वाक्याच्या कोणत्या सांध्यावर श्वास घ्यावा, याची शिस्त त्याच्या अंगवळणी पडली. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि त्याच शिक्षकाकडे चिटणीस म्हणून नोकरी धरली. कारण त्या नोकरीतून पुढील शिकवणीचा खर्च भागत होता. गुरुगृही राहून सेवा करावी आणि विद्या मिळवावी, ही आपल्याकडची जुनी चाल. मँचेस्टरच्या या मुलाने नकळत तीच पत्करली म्हणावयाची.

येथे एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. पुढे लोकांनी ज्या आवाजाला ईश्वरी देणगी म्हणून वाखाणले, तो आवाज त्यास आयता मिळाला नव्हता. तो त्याने रोजच्या घोकंपट्टीने कमावला होता. देणगी म्हणावयाचीच तर ती मेहनतीची.

फिरत्या मंडळ्यांतील उमेदवारी

१९२१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, बर्मिंगहॅम शहरी तो प्रथम रंगभूमीवर उभा राहिला. नाटक शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’ आणि भूमिका ब्रूटसचा पोरवयाचा सेवक ल्यूशिअस याची. काम लहान, पण सुरुवात झाली. तीन वर्षांनी, १९२४ साली, तो सर फ्रँक बेन्सन यांच्या मंडळीत दाखल झाला. बेन्सन हे नाव त्या काळी इंग्लंडाच्या गावोगाव ठाऊक होते. शेक्सपिअरची नाटके घेऊन त्यांची मंडळी वर्षानुवर्षे देशभर फिरत असे. १९१६ साली शेक्सपिअरच्या तीनशेव्या पुण्यतिथीनिमित्त लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात जो प्रयोग झाला, त्या वेळी बादशहा पंचम जॉर्ज यांनी बेन्सन यांस नाट्यगृहातच ‘सर’ ही पदवी दिली; आणि समारंभास लागणारी तलवार आयत्या वेळी हाताशी नसल्यामुळे नाटकाच्या सामानातील तलवार वापरावी लागली. अशा या मंडळीत डोनाटने चार वर्षे काढली. आज एका गावी तर उद्या दुसऱ्या. आज भालदार तर उद्या राजपुत्र. आमच्याकडील जुन्या नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडांच्या हकीकती ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांस या आयुष्याची कल्पना सांगावयास नको.

पुढे लिव्हरपूल व केंब्रिज येथील नाट्यगृहांतून काम करून १९३० साली तो लंडनला आला. १९२९ साली एला व्हॉयसी हिच्याशी त्याचा विवाह झाला होता, आणि संसाराचा भार खांद्यावर होता. पुढल्या काळात या दांपत्यास तीन अपत्ये झाली. लंडनला येऊन लागलीच दैव उघडले असे नाही. बोलपटांचा जमाना नुकताच सुरू झाला होता. डोनाट चाचणीसाठी एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत जाई आणि नापास होऊन परत येई. इतका की त्याचे मित्र थट्टेने त्यास ‘चाचणीवाला डोनाट’ म्हणू लागले. अखेरीस अलेक्झांडर कोर्डा या हंगेरीहून आलेल्या निर्मात्यापुढे त्याची चाचणी झाली. तीही बिघडली; स्वतःच्याच फजितीचे त्यास हसू आवरेना आणि तो खळखळून हसला. ते हसू ऐकून कोर्डाने त्यास तत्काळ करारात बांधले, असे सांगतात. कथा थोडी रंगविलेली असेल. पण १९३२ साली कोर्डाशी त्याचा करार झाला हे खरे.

१९३३ साली कोर्डाचा ‘द प्रायव्हेट लाईफ ऑफ हेन्री द एट्थ’ हा चित्रपट जगभर गाजला. त्यात राणीवर अनुरक्त झालेल्या कल्पेपर नावाच्या तरुण सरदाराचे काम डोनाटने केले. लागलीच अमेरिकेहून बोलावणे आले आणि १९३४ साली त्याने हॉलिवूडात ‘द काऊंट ऑफ माँटे क्रिस्टो’ हा चित्रपट केला. अन्यायाने कोंडलेला, वर्षानुवर्षे अंधारकोठडीत कुजलेला आणि मग सूड घेण्यासाठी परतलेला नायक त्याने असा रंगविला की अमेरिकेतील मोठ्या कंपन्या त्याच्यामागे लागल्या. पण अमेरिकेत केलेला हा त्याचा पहिला आणि शेवटचा चित्रपट. ‘कॅप्टन ब्लड’ नावाच्या सागरी साहसपटाचे नायकपण त्याच्यासाठी योजिले होते. ते त्याने स्वीकारले नाही. आणि १९३५ साली एरल फ्लिन नावाचा, तोवर फारसा कोणास ठाऊक नसलेला, एक तरुण त्या एका भूमिकेने रातोरात प्रसिद्धीच्या शिखरावर जाऊन बसला.

डोनाट मायदेशी परतला आणि त्याच १९३५ साली हिचकॉकच्या ‘द थर्टी-नाईन स्टेप्स’ या चित्रपटाचा नायक झाला. खुनाचा खोटा आळ आलेला मनुष्य स्कॉटलंडच्या माळरानांतून पोलिसांना चुकवीत पळतो, अशी ही कथा. तीत एक प्रसंग आहे. पाठलागातून निसटलेला नायक एका राजकीय सभेत शिरतो. लोक त्यासच वक्ता समजतात आणि व्यासपीठावर उभा करतात. विषय ठाऊक नाही, उमेदवार ठाऊक नाही. तरी तो बोलू लागतो, अडखळतो, सावरतो, आणि पाहता पाहता सभा जिंकतो. शाळेत उभे राहून बोलताना ज्याची वाचा बसत असे, त्या मुलाच्या वाट्यास हा प्रसंग यावा, हा योग मोठा मौजेचा आहे.

छातीचे वैर

याच सुमारास दमा बळावला. या रोगात होते काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. फुप्फुसांतील बारीक श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते आणि चिकट कफ साचतो. अशा वेळी श्वास आत घेणे जितके कठीण, त्याहून तो बाहेर टाकणे कठीण होते. प्राणायाम करणाऱ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर पूरकापेक्षा रेचक अडतो. आणि मनुष्याचा शब्द तर बाहेर पडणाऱ्या श्वासावरच स्वार होऊन येतो. म्हणजे सुताराचा हात किंवा नर्तकीचा पाय दुखावावा, तसा हा रोग नटाच्या मुख्य हत्यारावरच घाला घालतो.

त्या काळी उपाय तरी काय होते? झटका आला की ॲड्रिनॅलिनची सुई टोचावयाची, एफेड्रिनच्या गोळ्या घ्यावयाच्या, प्राणवायूची नळकांडी जवळ बाळगावयाची. धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपायही इंग्लंडात रूढ होता; आणि आमच्या वाचकांस आश्चर्य वाटेल, पण तो उपाय एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी मद्रासेहूनच तिकडे गेला होता. दाबाने औषधाचा फवारा सोडणारी खिशात मावेल अशी डबी १९५६ साली प्रथम बाजारात आली. सॅल्ब्युटेमॉल हे आज घरोघर ठाऊक असलेले औषध १९६९ सालचे, आणि नळ्यांची सूज मुळातच आवरून धरणारी, श्वासावाटे घ्यावयाची औषधे १९७२ नंतरची. डोनाटच्या नशिबी यांतील बहुतेक काहीच नव्हते. आपल्या दुखण्यात मनाच्या ओढाताणीचा वाटा फार मोठा आहे, असे त्याचे स्वतःचे मत होते. आजचे वैद्यक दम्यास शरीराचाच रोग मानते. चिंतेने व भीतीने तो उचल खातो एवढे मात्र तेही सांगते. आणि ज्या मनुष्याचे पोट श्वासावर अवलंबून आहे, त्यास श्वासाची चिंता लागणे हेही ओघानेच आले.

१९३६ साली ‘नाईट विदाऊट आर्मर’ या चित्रपटाचे काम चालू असता त्यास असा झटका आला की चित्रण खोळंबले. स्टुडिओत एकेक दिवस म्हणजे हजारो पौंडांचा खर्च. डोनाटच्या जागी दुसरा नट घ्यावा असे कोर्डाच्या मनात आले. त्या वेळी चित्रपटाची नायिका, सुविख्यात जर्मन नटी मार्लेन डीट्रिश, मध्ये पडली. डोनाट बरा होईपर्यंत थांबावे असा तिने आग्रह धरला आणि तो मान्य झाला. चित्रपट १९३७ साली पुरा झाला. या धंद्यात एकाच्या आजारावर दुसऱ्याचे नशीब फुलते, असा अनुभव पुष्कळांचा आहे. म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवाविशी वाटते.

दोन भूमिका

१९३८ साली ‘द सिटाडेल’ आणि १९३९ साली ‘गुडबाय मिस्टर चिप्स’, हे डोनाटच्या आयुष्यातील दोन शिखरभाग. पहिल्याची कथा ए. जे. क्रोनिन या डॉक्टर-कादंबरीकाराची. वेल्समधील कोळशाच्या खाणींच्या गावी एक गरीब, तळमळीचा तरुण डॉक्टर येतो. खाणीतील धुळीने मजुरांची फुप्फुसे कशी झिजतात याचा तो शोध घेतो, आणि पुढे लंडनच्या श्रीमंत रोग्यांच्या पैशाने बिघडतो, असे हे कथानक. आरंभीच्या एका प्रसंगी मृतवत् जन्मलेले अर्भक त्याच्या हाती येते. सर्वांनी आशा सोडलेली असते. पण तो त्यास चोळतो, हलवतो, त्याच्या इवल्या छातीत श्वास घालू पाहतो, आणि अखेरीस ते मूल रडते. दुसऱ्याच्या श्वासासाठी जिवाचे रान करणारा डॉक्टर पडद्यावर दिसतो, आणि तो रंगविणारा नट स्वतः प्रत्येक श्वास मोजून घेत असतो! या भूमिकेसाठी ऑस्करच्या उमेदवारांत त्याचे नाव आले.

‘चिप्स’ ही त्याहून मोठी कसोटी. जेम्स हिल्टन यांच्या छोटेखानी कादंबरीवरून हा चित्रपट निघाला. इंग्लंडातील एका जुन्या शाळेत लॅटिन शिकविणारा मास्तर, प्रथम बुजरा व कडक, मुलांना नकोसा. मग उशिरा झालेल्या विवाहाने मोहरलेला. आणि मग बाळंतपणात पत्नी व मूल दोन्ही गमावलेला. त्याच दिवशी तो वर्गावर येऊन बसतो. दिवस नेमका एप्रिलच्या पहिल्या तारखेचा. घरची वार्ता न कळलेल्या मुलांनी थट्टेखातर त्याच्या टेबलावर कोऱ्या कागदांची पत्रे ठेवलेली असतात. तो ती उघडतो. येथे डोनाट रडत नाही, आक्रोश करीत नाही. त्याचा स्वर केवळ थोडा कोरडा पडतो. आमच्या मते संपूर्ण चित्रपटाचे सार त्या कोरड्या स्वरात आहे.

या एकाच चित्रपटात त्यास पंचविशीच्या आसपासचा तरुण आणि त्र्याऐंशी वर्षांचा वृद्ध, दोन्ही व्हावयाचे होते. आणि त्याचे स्वतःचे वय होते अवघे तेहेतीस-चौतीस. पांढऱ्या मिशा व सुरकुत्या रंगकाराने दिल्या. पण वाकलेल्या पाठीचे चालणे, वाक्याच्या मध्येच विसावणारा थकलेला श्वास, आणि हसण्याआधी ओठांवर येणारी थरथर, ही सामग्री नटाने स्वतःची घातली. थकलेला श्वास कसा असतो हे त्यास कोणापाशी शिकावे लागले नसेल! बोलपटाचे चित्रण कथेच्या क्रमाने होत नाही; आज म्हातारपण तर उद्या तारुण्य असा प्रकार चालतो. म्हणून आपल्या पात्राच्या भावना कोणत्या प्रसंगी किती चढलेल्या व किती उतरलेल्या असाव्यात, याचा आलेखच तो कागदावर आखून ठेवीत असे. १९३७ साली निघालेल्या एका लेखसंग्रहात त्याने चित्रपटातील अभिनयावर निबंधही लिहिला आहे. अभिनय म्हणजे लहर, असे मानणाऱ्यांनी या आलेखाचा विचार करावा.

२९ फेब्रुवारी १९४० रोजी ऑस्कर पारितोषिके जाहीर झाली. ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटाने त्या रात्री आठ पारितोषिके पटकाविली. त्याचा नायक क्लार्क गेबल, शिवाय लॉरेन्स ऑलिव्हिए, जेम्स स्टुअर्ट व मिकी रूनी असे चार दिग्गज समोर असता उत्कृष्ट नटाचे पारितोषिक मात्र शाळामास्तर चिप्सकडे गेले.

नाकारलेले व निसटलेले

एवढे यश मिळाल्यावर कोणी झाला तरी कामाचा धडाका लावील. डोनाटने तसे केले नाही, आणि त्याला ते शक्यही नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने ‘द यंग मिस्टर पिट’ (१९४२) सारखे चित्रपट केले आणि रंगभूमीशी नाते टिकविले. १९४३ साली बर्नार्ड शॉ यांच्या ‘हार्टब्रेक हाऊस’मधील वृद्ध कप्तान शॉटओव्हर त्याने रंगविला. १९४८ सालचा ‘द विन्स्लो बॉय’ हा चित्रपट तर वकिली पेशाच्या घराण्यांनी अवश्य पाहावा असा आहे. १९०८ साली आरमारी शाळेतील एका लहान विद्यार्थ्यावर पाच शिलिंगांच्या पोस्टल ऑर्डरीच्या चोरीचा आळ आला. बापाने घरदार पणाला लावून सरकारशी झुंज दिली आणि मुलगा निर्दोष ठरला. या सत्यकथेवर टेरेन्स रॅटिगन यांनी नाटक लिहिले. त्याचा हा चित्रपट. यातील वकील सर रॉबर्ट मॉर्टन डोनाटने केला आहे. मुलावर तो प्रश्नांची अशी काही सरबत्ती करतो की सारे घर हबकून जाते. आणि मग कोट उचलता उचलता, मुलगा निरपराध आहे व आपण वकीलपत्र घेतो, असे तो सहज सांगून टाकतो.

१९४९ साली त्याने ‘द क्युअर फॉर लव्ह’ हा चित्रपट स्वतः काढला व दिग्दर्शित केला. त्यात त्याने आपली मूळची लँकेशायरी बोली पुन्हा जिभेवर घेतली. ज्या बोलीपासून दूर जाण्यास तो वाक्शिक्षकाकडे शिकला, तिच्याकडे चाळिशी उलटल्यावर परतला. १९५१ सालच्या ‘द मॅजिक बॉक्स’मध्ये विल्यम फ्रीझ-ग्रीन या चलच्चित्राच्या वेडाने कर्जबाजारी झालेल्या इंग्रज संशोधकाची भूमिका त्याने केली. आपल्या यंत्रातून पडद्यावर हलते चित्र प्रथमच दिसताच तो आनंदाने वेडावून रस्त्यावर धावतो आणि हाती लागलेल्या पोलिसालाच आत ओढून ते दाखवितो. तो पोलीस झाला होता लॉरेन्स ऑलिव्हिए. फ्रीझ-ग्रीनच्या शोधाचे महत्त्व इतिहासकार आज तितकेसे मानीत नाहीत. पण तो प्रसंग विसरता येत नाही.

यशाच्या या यादीच्या शेजारी दुसरी एक यादी ठेवावी लागते, ती निसटलेल्या कामांची. डेव्हिड लीन यांचा ‘हॉब्सन्स चॉईस’ (१९५४) हा चित्रपट मँचेस्टरला खेटून असलेल्या सॉल्फर्डच्या एका चांभारदुकानातील गोष्ट सांगतो. त्यातील भोळा, गुणी कारागीर विली मॉसप हे काम डोनाटचे ठरले होते. बोली त्याची, गाव त्याच्या उंबरठ्यावरचे. ऐन वेळी दमा आडवा आला व ते काम जॉन मिल्स यांस गेले. मिल्स यांनी ते उत्तम केले. तथापि डोनाटचा मॉसप कसा झाला असता, हे आता कोणासही कळणार नाही. संसारातही सुख टिकले नाही. १९४६ साली पहिला विवाह मोडला. १९५३ साली रेने ॲशरसन या नटीशी झालेला दुसरा विवाहही काही वर्षांत विस्कटला.

विपत्तीनेच मनुष्य थोर होतो, असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. या चरित्राकडे पाहता ते आम्हांस पटत नाही. दम्याने डोनाटला थोर केले नाही. दम्याने त्याची निम्मी कारकीर्द गिळली. उरलेल्या निम्म्यात जे दिसते ते त्याच्या कष्टाचे आहे, रोगाचे नव्हे. आजाऱ्याची समजूत घालताना आजाराचीच स्तुती करू नये, एवढे तारतम्य राखले पाहिजे.

अखेरचे दोन प्रवेश

१९५३ साली लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात टी. एस. एलियट यांचे ‘मर्डर इन द कॅथीड्रल’ हे काव्यनाटक झाले. बाराव्या शतकातील धर्मगुरू टॉमस बेकेट राजसत्तेपुढे मान तुकवीत नाही आणि आपल्याच देवळात मारला जातो, ही त्यातील कथा. बेकेटचे काम म्हणजे छंदोबद्ध पल्लेदार भाषणे आणि मध्यंतरी सबंध एक प्रवचन. त्यात कोणाचा आधार नाही. डोनाट हे काम करावयास उभा राहिला तेव्हा पडद्याआड प्राणवायूची नळकांडी सज्ज ठेवलेली असत. प्रवेश संपला की तो आत येई, नळीस तोंड लावी, आणि पुन्हा बाहेर जाऊन बेकेट होई. प्रेक्षकांस ऐकू येई ती निष्कंप वाणी. परंतु प्रकृतीने फार काळ साथ दिली नाही व हे काम सोडावे लागले. रंगभूमीवरील ही त्याची शेवटची भूमिका ठरली. पुढल्याच वर्षी ‘लीज ऑफ लाईफ’ या चित्रपटात, आपले आयुष्य वर्षभराचेच उरले आहे असे कळलेल्या खेड्यातील एका पाद्र्याचे काम त्याने केले.

त्यानंतर कित्येक महिने आजारपणात गेले. १९५८ साली ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ या चित्रपटासाठी त्यास बोलावणे आले. ग्लॅडिस एलवर्ड नावाची एक सामान्य इंग्रज मोलकरीण स्वतःच्या पैशाने चीन देशी जाते, मिशनरी होते आणि युद्धकाळी शंभराच्या आसपास अनाथ मुलांना डोंगरापलीकडे सुखरूप नेते, या खऱ्या हकीकतीवर तो बेतलेला होता. चीनची गावे वेल्सच्या डोंगरांत उभारली गेली. नायिका इंग्रिड बर्गमन. आणि प्रांताचा वृद्ध चिनी अधिकारी डोनाट. युरोपीय नटाने चिनी गृहस्थ व्हावे हे आजच्या दृष्टीस खटकते, आणि खटकावे हेही योग्यच. पण त्याच्या कामाकडे पाहता दुसरेच काही ध्यानी येते. हा मनुष्य मोजके बोलतो, सावकाश बोलतो, आणि प्रत्येक शब्द जणू तळहातावर ठेवून समोरच्यास देतो. पात्राचा संथपणा कोणता आणि नटाचा थकवा कोणता, हे वेगळे काढता येत नाही.

चित्रपटाच्या शेवटास हा अधिकारी नायिकेचा निरोप घेतो. आता पुन्हा आपली भेट होईल असे वाटत नाही, अशा अर्थाचे शब्द तो उच्चारतो. कॅमेऱ्यापुढे डोनाटने म्हटलेल्या अखेरच्या वाक्यांपैकी ते एक. ऐकताना बर्गमनच्या डोळ्यांत उभे राहिलेले पाणी अभिनयाचे नव्हते, असे सांगतात. ९ जून १९५८ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात डोनाट मरण पावला. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी झाली हे मृत्यूचे मुख्य कारण नोंदले गेले, आणि मेंदूत गाठही असल्याचे आढळले. चित्रपट त्याच्या पश्चात, वर्षाअखेरीस, प्रकाशित झाला. अमेरिकेतील नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू या संस्थेने त्या भूमिकेबद्दल त्याचा विशेष उल्लेख केला, आणि त्यात अभिनयापेक्षाही त्याच्या शौर्याचा गौरव होता.

डोनाटची कागदपत्रे त्याच्या जन्मगावी, मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात जपलेली आहेत. त्याचे चित्रपट आजही पाहावयास मिळतात आणि त्याच्या आवाजातील काव्यवाचनाच्या ध्वनिमुद्रिकाही ऐकावयास मिळतात. आमची वाचकांस एवढीच सूचना आहे, की एखाद्या सुटीच्या दिवशी घरातील लहानथोरांनी मिळून ‘गुडबाय मिस्टर चिप्स’ पाहावा. घरात दम्याचे एखादे मूल असेल तर त्यास जवळ बसवावे. त्याच्या औषधाच्या फवाऱ्याची लाज त्यास वाटू देऊ नये, कारण त्याच फवाऱ्यासाठी या नटाने काय मोल दिले नसते! आणि घरात एखादे अडखळत बोलणारे मूल असेल, तर त्याचे वाक्य मध्येच आपण पुरे न करता, ते स्वतः पुरे करीपर्यंत सर्वांनी थांबावे.